पाच वाजता आलेला मजूर

वाशीमच्या शाखेत मी १९९३ ते १९९६ अशी तीन वर्षे व्यवस्थापक होतो. तेव्हा वाशीम हे अकोला जिल्ह्यातले तालुक्याचे गाव होते. स्वतंत्र जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. पूर्णा-खंडवा मार्गावरची मीटरगेज गाडी, कापसाने भरलेल्या बैलगाड्या, बालाजीच्या देवळाकडे निघालेली माणसे आणि पीककर्जासाठी सात-बाराचे उतारे हातात धरून शाखेच्या पायऱ्यांवर बसलेले शेतकरी, हे त्या गावाचे माझ्या मनातले चित्र. त्या चित्रात एक तरुण असा आहे, की ज्याच्याशी मी नीट वागलो नाही. तीस वर्षांनी आज त्याच्याविषयी लिहितो आहे.

तो आमच्या शाखेत रोजंदारीवरचा शिपाई होता. सकाळी सर्वांच्या आधी येऊन शाखा झाडायची, माठ भरायचे, जाडजूड लेजरे कपाटातून काढून काउंटरवर मांडायची, दिवसभर टेबलांमधून चेक आणि व्हाउचरे फिरवायची, संध्याकाळी ती शिवून ठेवायची. काम चोख. पण त्या वेळच्या औद्योगिक विवाद कायद्यात एक आकडा होता, २४०. बारा महिन्यांत कुणी २४० दिवस काम केले, तर त्याला सहजासहजी काढता येत नसे. नोटीस आणि नुकसानभरपाई द्यावी लागे. म्हणून तो आकडा गाठण्याआधीच माणसाला 'ब्रेक' द्यायचा, अशी रीत होती. लेखी काही नसे. वरून फोन येई, एवढेच.

तसा फोन मलाही आला. मी त्याला केबिनमध्ये बोलावले आणि म्हणालो, "उद्यापासून येऊ नकोस."

"साहेब, माहं काही चुकलं काय?"

"नाही रे. नियम आहे."

हे मी खोटे बोललो. नियम त्याच्या बाजूचा होता. मी केली ती नियमातून काढलेली पळवाट होती. आणि ती पळवाट असल्याचे मला पक्के ठाऊक होते.

चार-आठ दिवसांनी त्याचे वडील आले. कामकाज आटोपून कॅशियरचा हिशेब चालला होता, म्हणजे पाचचा सुमार असावा. जन्मभर माळीकाम केलेला, मिशनच्या बाजूला राहणारा, नाझरीन चर्चचा सभासद असलेला म्हातारा माणूस. मुलाच्या नोकरीचा दाखला हवा असेल असे समजून मी म्हणालो, "बाबा, बसा. दाखल्यासाठी अर्ज लिहून आणलाय का?"

"दाखला मागाले नाही आलो साहेब. दाखला सांगाले आलो."

मराठी ख्रिस्ती माणसे येशूच्या बोधकथेला 'दाखला' म्हणतात, हे मला त्या दिवशी कळले. त्यांनी सांगितलेली गोष्ट मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या विसाव्या अध्यायातली. एका मळेवाल्याचा द्राक्षमळा होता. "द्राक्षाचा म्हंजे, आपल्याइकडे संत्र्याचा बगीचा समजा." तो पहाटे चौकात गेला, दिवसाचा एक दिनार ठरवून मजूर घेऊन आला. नऊ वाजता पुन्हा गेला, रिकामे उभे असलेले आणखी काही आणले. बाराला गेला, तीनला गेला. दिवस मावळायला तासभर उरला असताना पाचला गेला, तेव्हाही काहीजण उभेच होते. विचारले, दिवसभर इथे का उभे आहात? ते म्हणाले, आम्हाला कुणी कामाला लावले नाही. त्यांनाही त्याने मळ्यात धाडले. संध्याकाळी मजुरी वाटताना शेवटी आलेल्यांपासून सुरुवात केली आणि प्रत्येकाच्या हातावर एकेक दिनार ठेवला. पहाटेपासून उन्हात राबलेल्यांनाही तेवढाच. ते साहजिकच कुरकुरले. मालक म्हणाला, तुमचे ठरले होते ते दिले. माझ्या चांगुलपणाचा तुम्हाला का त्रास होतो?

मी बँकवाला. लगेच म्हणालो, "बाबा, मालक भला होता हे खरे. पण असा कारभार केला तर दुसऱ्या दिवशी पहाटे कोण येईल? सगळेच पाचला येतील! आमच्याकडे असे झाले तर युनियन दारातच सभा घेईल."

म्हातारा हसला. "ते तं खरंच हाय साहेब. पहाटच्या लोकायनं बी तेच म्हनलं. पन पाचले आलेल्याच्या घरी लेकरायले अर्धीच भूक लागते काय?"

चहा घेऊन ते उठले. मुलाला परत घ्या, असे एकदाही म्हणाले नाहीत.

मी ख्रिस्ती नाही. घरचे संस्कार वारकरी. पण त्या प्रश्नाने मला सोडले नाही. काम, मजुरी आणि भांडवल यांविषयी ख्रिस्ती विचारवंत काय म्हणत आले, ते मी नंतरच्या वर्षांत जमेल तसे वाचत गेलो. अभ्यासक म्हणवण्याइतके ते वाचन नाही. पण त्यातल्या काही गोष्टी आपल्या उंबरठ्यापर्यंत येऊन पोचल्या आहेत आणि आपल्याला त्यांचा पत्ता नाही, असे वाटले, म्हणून हा लेखनप्रपंच.

पहिली गोष्ट या दाखल्याचीच. मळेवाला त्या कुरकुरणाऱ्या मजुराला म्हणतो, की या शेवटच्यालाही तुझ्याइतकेच द्यावे अशी माझी इच्छा आहे. त्यातलेच शब्द घेऊन जॉन रस्किन या इंग्रज लेखकाने १८६० साली अर्थशास्त्रावरच्या आपल्या चार निबंधांना 'अन्टू धिस लास्ट' असे नाव दिले. १९०४ साली जोहान्सबर्गहून डर्बनला जाताना पोलॅक या मित्राने ते पुस्तक बॅरिस्टर गांधींच्या हातात ठेवले आणि गांधींना रात्रभर झोप आली नाही. वकिलाच्या आणि न्हाव्याच्या कामाचे मोल सारखेच, हा धडा त्यांनी त्यातून घेतला. १९०८ साली त्या पुस्तकाचा सारांश त्यांनी गुजरातीत लिहिला आणि त्याला नाव दिले 'सर्वोदय'. हा शब्द विनोबांमुळे आपल्या घराघरांत पोचला. त्याचे एक मूळ येशूने सांगितलेल्या एका मळ्याच्या गोष्टीत आहे, हे किती जणांना माहीत असेल?

दुसरी गोष्ट त्याहून जवळची. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून १९६५ साली तासगाव तालुक्यातल्या विसापूरला मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग झाला. १९७२च्या दुष्काळात रोजगार हमी योजनेने राज्यभर माणसे जगवली, आणि २६ जानेवारी १९७९ पासून तिला कायद्याचे बळ मिळाले. पुढे २००५ साली केंद्राने देशासाठी कायदा केला तो याच अनुभवावर. पागेंच्या डोळ्यांसमोर बायबलमधला दाखला होता, असे मी म्हणत नाही. पण 'आम्हाला कुणी कामाला लावले नाही' म्हणणाऱ्याला काम देणे ही समाजाची जबाबदारी, हा विचार दोन्हीकडे एकच. रोजगार हमीसाठी पैसा उभा करायला महाराष्ट्राने १९७५ साली व्यवसाय कर बसवला. दरमहा माझ्या पगारपत्रकात त्याची कपात असे आणि मी दरमहा कुरकुरत असे. पहाटेच्या मजुरांच्या रांगेत मी कित्येक वर्षे उभा होतो म्हणायचा!

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. कारण ख्रिस्ती विचार म्हणजे सरसकट भांडवलाला विरोध, असे नाही. त्याच शुभवर्तमानात पाच अध्याय पुढे दुसरा एक दाखला आहे. धनी परगावी जाताना तीन चाकरांकडे पैसा सोपवतो. दोघे व्यापार करून तो दुप्पट करतात. तिसरा भीतीने जमिनीत पुरून ठेवतो. धनी परतल्यावर तिसऱ्याला झापतो, की निदान सावकाराच्या पेढीवर ठेवला असतास तर व्याज तरी मिळाले असते! हे वाचल्यावर माझ्यातला बँकवाला सुखावला. दोन्ही दाखले एकाच ग्रंथात आहेत, आणि दोन हजार वर्षे ख्रिस्ती जगात वाद चालला आहे तो या दोहोंच्या मध्ये. मध्ययुगात चर्चने व्याज घेणे पाप ठरवले. सोळाव्या शतकात कॅल्व्हिनने माफक व्याजाला मोकळीक दिली. ल्यूथरने सांगितले, की देवाची हाक केवळ मठातल्या संन्याशालाच येत नाही. चांभाराला, गवळणीला आपापल्या कामातही येते. जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबरने १९०४-०५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रबंधात हाच धागा पकडला. काम हीच ईश्वरसेवा मानणारी, मिळवलेले चैनीत न उडवणारी माणसे भांडवल साठवत गेली आणि आधुनिक भांडवलशाहीच्या वृत्तीला तिथून खतपाणी मिळाले, असे त्याचे म्हणणे.

या वादाचा वाशीमशी थेट संबंध आहे. वाशीमला मिशनचे रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल आहे. डॉ. ऑर्फा स्पायकर या अमेरिकन डॉक्टरबाई १९३६ साली भारतात आल्या आणि १९३८ साली त्यांनी ते सुरू केले. वाशीम, रिसोड, मालेगावकडच्या खेड्यांतल्या कितीतरी बाया तिथे बाळंत झाल्या. हे काम ज्या नाझरीन चर्चचे, त्याचा जन्म १८९५ साली लॉस एंजेलिसमध्ये, गरीब वस्तीतल्या माणसांसाठी झाला. नाव सुचवले जोसेफ विडनी या डॉक्टरने. येशू नासरेथचा, म्हणून नाझरीन. नासरेथ हे खेडे आणि येशू तिथला सुतार. कष्टकऱ्यांमधल्या त्या साध्या आयुष्याची आठवण नावातच राहावी, हा त्यांचा हेतू. म्हणजे वाशीमच्या त्या पाटीवर एका सुताराचे गाव लिहिलेले आहे. तीन वर्षे मी त्या पाटीवरून ये-जा केली आणि मला ती फक्त दवाखान्याची पाटी वाटली.

या चर्चची विचारपरंपरा जॉन वेस्ली या अठराव्या शतकातल्या इंग्रज धर्मोपदेशकाची. पैशाविषयी त्याची शिकवण तीन पदरी होती: प्रामाणिकपणे जितके मिळवता येईल तितके मिळवा, जितके वाचवता येईल तितके वाचवा, आणि जितके देता येईल तितके द्या. त्याचे स्वतःचे उत्पन्न वाढत गेले तरी खर्च वर्षाला २८ पौंडांवरच ठेवून बाकीचे तो वाटून टाकी, असे सांगतात. उतारवयात त्याला एक भीती वाटू लागली. धर्मामुळे माणसे उद्योगी आणि काटकसरी होतात, त्यामुळे श्रीमंत होतात, आणि श्रीमंतीत धर्म विसरतात. वेबरने वेस्लीची ही भीती आपल्या प्रबंधात मुद्दाम नोंदवली आहे. पहिले दोन पदर जगाने उचलले, तिसरा गळून पडला. बँकेत आम्ही ठेवी आणि कर्जे यांची उद्दिष्टे दर मार्चला गाठत असू. तिसऱ्या पदरासाठी आमच्या विवरणपत्रात रकाना नव्हता.

तसा रकाना ठेवू पाहणारी माणसेही होऊन गेली. जर्मनीतल्या ऱ्हाइन भागातला फ्रीडरिश रायफायझन हा गावचा कारभारी, धर्मनिष्ठ ख्रिस्ती. १८४६-४७च्या दुष्काळात त्याने गरिबांना धान्य वाटले. पण दानावर गाव फार दिवस जगत नाही हे ओळखून पुढे गावकऱ्यांच्याच पतपेढ्या काढल्या. एकमेकांच्या कर्जाला एकमेकांची हमी. मद्रासच्या फ्रेडरिक निकोल्सनने आपल्या अहवालात त्याचा आदर्श ठेवण्याची शिफारस केली, आणि १९०४ साली आपल्याकडे सहकारी पतसंस्थांचा कायदा आला. गावोगावच्या आजच्या विविध कार्यकारी सोसायट्यांची ती पणजी म्हणायला हरकत नाही. वसईत मोन्सेनियर पी. जे. मोनिस या धर्मगुरूंनी १९१८ साली बॅसीन कॅथॉलिक सहकारी बँकेचा पाया घातला, तोही स्थानिक माणसांना सावकाराच्या कचाट्यातून सोडवण्यासाठीच. म्हणजे बँक काढणे हेही धर्मगुरूचे काम असू शकते!

मात्र एका ठिकाणी हा पाश्चात्त्य विचार आपल्या मातीत अडखळतो. 'तुझे काम हीच देवाची हाक' हे वाक्य गावकुसाबाहेर राहणाऱ्या माणसाला शतकानुशतके वेगळ्या तोंडाने ऐकवले गेले होते. मेलेले ढोर ओढणे हेच तुझे काम, आणि त्याचा मोबदला शिळी भाकर. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली बजावले, की जातिव्यवस्था म्हणजे नुसती श्रमविभागणी नव्हे, ती श्रमिकांची विभागणी आहे. म्हणूनच मिशनच्या आवारात कुणी परिचारिका झाली, कुणी कंपाउंडर, कुणी माळी, आणि महिनाअखेर मोजून रोख पगार हाती आला, तेव्हा त्या घरांत काय उजाडले असेल याची कल्पना करावी. बलुत्याच्या जागी वेतन आले, म्हणजे कुणाच्या तरी मर्जीच्या जागी हक्क आला. भांडवलशाहीचे हे ऋण नाकारता येणार नाही. आमच्या शाखेतल्या त्या तरुणालाही रोजंदारीचे अप्रूप होते ते त्यामुळेच. आणि ती तोडून मी त्याला पुन्हा मर्जीवर आणून सोडले.

"त्याने अटी मान्य केल्या होत्या," असे मी स्वतःला समजावत असे. रोजंदारी आहे, कायम करणार नाही, हे त्याला पहिल्या दिवशी सांगितले होते. त्याने मान डोलावली होती. या समजुतीला सुरुंग लावला तो पोप तेरावे लिओ यांनी. १५ मे १८९१ रोजी कामगारांच्या स्थितीवर त्यांनी 'रेरूम नोव्हारूम' हे परिपत्रक काढले. त्यात समाजवादाला विरोध आहे, खासगी मालमत्तेचा पुरस्कार आहे. पण मजुरीविषयी एक रोखठोक मुद्दा आहे. मालक आणि मजूर यांच्या मोकळ्या करारापेक्षाही जुनी एक अट असते. मजुरी इतकी हवी, की साधेपणाने राहणाऱ्या कामगाराचे पोट भरावे. गरजेपोटी किंवा याहून वाईट होईल या भीतीने त्याने कमी पत्करले असेल, तर तो बळजबरीचा आणि अन्यायाचा बळी आहे.

नव्वद वर्षांनी, १९८१ साली, पोप दुसरे जॉन पॉल यांनी याच विषयावर लिहिताना श्रमाचा मान भांडवलाच्या वरचा, काम माणसासाठी असते, असे मांडले. नाझी अंमलाखालच्या पोलंडमध्ये या माणसाने तरुणपणी दगडाच्या खाणीत आणि रसायनांच्या कारखान्यात कामगार म्हणून दिवस काढले होते. १ मे १९९१ रोजी त्यांचे पुढचे परिपत्रक आले. त्यात बाजारपेठेची आणि नफ्याची उपयुक्तता मान्य होती. पण ज्या गरजांना बाजारात किंमत नाही त्यांचे काय, हा प्रश्नही होता. त्याच जुलैत आपल्याकडे उदारीकरणाचा अर्थसंकल्प मांडला गेला. ८ मे २०२५ रोजी निवडून आलेल्या नव्या पोपनी चौदावे लिओ हे नाव घेतले. १८९१च्या त्या परिपत्रकाची आठवण आणि यंत्रबुद्धीच्या काळात माणसाच्या श्रमाचे काय, ही चिंता त्यामागे असल्याचे त्यांनीच सांगितले. प्रश्न जुना झालेला नाही, एवढाच याचा अर्थ.

माझ्या त्या तरुणाचे काय झाले? वडील येऊन गेल्यानंतर मी त्याला परत घेण्याविषयी वरच्या कार्यालयाला एक टिपण पाठवले. उत्तर आले नाही. दुसरे टिपण मी पाठवले नाही. माझी स्वतःची बढती त्या वर्षी विचाराधीन होती, हे इथे लिहून टाकतो. १९९६ साली बदली झाली आणि विषय माझ्यापुरता संपला, असे मी मानले.

गेल्या हिवाळ्यात एका लग्नासाठी वाशीमला गेलो होतो. सकाळी फिरायला निघालो तर रस्त्याच्या कडेला मजुरांचा अड्डा भरला होता. कुणाच्या हातात थापी, कुणाच्या डोक्यावर घमेले, बायांच्या कडेला डब्याच्या पिशव्या. मुकादम येत, दंडाकडे बघून माणसे निवडत, मोटारसायकलवर बसवून घेऊन जात. साडेदहाला परत त्याच वाटेने आलो. तेव्हा उरले होते ते बहुतेक पिकल्या केसांचे, एक लंगडत चालणारा, आणि लहान पोर बरोबर असलेली एक बाई. पाच वाजता मळ्यात गेलेले ते लोक कोण होते, हे मला त्या क्षणी कळले. ते आळशी नव्हते. सकाळपासून उभेच होते. त्यांना कुणी निवडले नव्हते.

मिशनच्या बाजूला जाऊन चौकशी केली. म्हातारबाबा केव्हाच गेले. मुलगा पुण्याला आपल्या मुलाकडे राहतो म्हणे, आणि तो नातू मोटारसायकलवरून घरोघर पार्सले पोचवतो. किती दिवस भरले म्हणजे त्याला हक्क मिळेल, हे सांगायला त्याच्यासमोर कुणी साहेबसुद्धा नाही.

अकोल्याला घरी आलो. स्वयंपाकघरात भिंतीवर कालनिर्णय टांगलेले असते. त्यावर दुधाचा हिशेब, गॅसची तारीख आणि आमच्या कामवाल्या बाईंचे खाडे, सारे पेन्सिलीने मांडलेले. त्या महिन्यात सहा फुल्या होत्या; तिचा मुलगा तापाने फणफणला होता. सहा दिवसांचे पैसे कापायचे, हा आमच्या घरचा वर्षानुवर्षांचा नियम. मी बायकोला म्हणालो, "या वेळी खाडे धरू नकोस."

ती म्हणाली, "आणि पलीकडच्या घरी काम करणारी एक दिवस चुकवत नाही, तिने काय पाप केलं? उद्या सगळ्याच असं म्हणायला लागल्या म्हणजे?"

मला हसू आले. पहाटेच्या मजुरांचाच हा सवाल, आणि तो खोटा नाही. माझ्याकडे त्याचे उत्तरही नाही. मी तिला वाशीमच्या म्हाताऱ्याने विचारलेले सांगितले. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग पोळ्या करता करता म्हणाली, "खोडरबर त्या खणात आहे."